परवडणारे आणि भरवशाचे : अमेरिकेतील खिशातल्या पिस्तुलाची पार्श्वभूमी

अमेरिकेत परवाना घेऊन अंगावर लपवून बाळगण्यासाठी पिस्तूल विकत घ्यायला निघालेल्या मध्यमवर्गीय माणसाला आज तीन-चारशे डॉलरांत नामांकित कारखान्याचे, हलके आणि ऐनवेळी दगा देणार नाही असे शस्त्र मिळू शकते. ही सोय जुनी नाही. तिचे वय जेमतेम वीस वर्षे आहे आणि त्यापूर्वीच्या दीर्घ काळात स्वस्त पिस्तूल व विश्वासार्ह पिस्तूल या बहुतांशी दोन वेगळ्या वस्तू होत्या. या दुराव्याचे कारण केवळ यंत्रशास्त्रात शोधले जाते, ते मला अपुरे वाटते. लहान आणि स्वस्त हत्यार बाळगणारा माणूस संशयितच असणार, ही धारणा कायद्याने दीर्घकाळ जोपासली आणि त्यामुळे चांगल्या कारागिरीचे कारखाने या बाजारापासून बराच काळ अंतर राखून राहिले.

या धारणेची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सापडतात. केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी १८१३ मध्ये लपवून शस्त्र बाळगण्यास बंदी करणारे पहिले कायदे केले. कमरेला उघड लटकणारे शस्त्र सरळ माणसाचे आणि कोटाच्या आत दडवलेले शस्त्र घातकी माणसाचे, असा त्या काळचा समज होता. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांनी प्रसिद्धीस आणलेली, एकच गोळी झाडणारी तळहाताएवढी पिस्तुले तरीही भरपूर खपली. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेली गोळी अशाच एका पिस्तुलातून सुटली होती. त्यानंतर खिशातल्या हत्याराचे नाव हत्येशी जोडले गेले आणि ते पुढे सुटले नाही.

रिव्हॉल्व्हरच्या आरपार छिद्रे असलेल्या चक्राचे पेटंट १८६९ मध्ये संपले, तेव्हा न्यू इंग्लंडमधील लहानमोठ्या कारखान्यांनी बाजारात स्वस्त रिव्हॉल्व्हरांचा पूर आणला. त्यातली बरीच कच्च्या लोखंडाची आणि एखाददुसरी पेटी काडतुसे झाडली की खिळखिळी होणारी होती. सगळाच माल मात्र तसा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधील आयव्हर जॉन्सन कंपनीने १८९० च्या दशकात असे रिव्हॉल्व्हर काढले, की त्याच्या घोड्यावर हातोडी मारली तरी गोळी सुटत नसे, कारण चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचविणारी पट्टी वरच येत नसे. हे तत्त्व आजही अनेक रिव्हॉल्व्हरांत वापरले जाते. चार-पाच डॉलरांच्या वस्तूत ही काळजी घेतली गेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. दुर्दैवाने १९०१ मध्ये बफेलो येथे राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर झालेल्या प्राणघातक हल्ल्यातही याच कंपनीचे रिव्हॉल्व्हर वापरले गेले आणि लोकांच्या स्मरणात तिची तेवढीच ओळख उरली.

कायद्याने किंमत हेच हत्यार म्हणून वापरल्याचे ठळक उदाहरण टेनेसीचे आहे. तेथे १८७९ च्या कायद्याने लष्करी आणि नौदलाच्या नमुन्याची मोठी रिव्हॉल्व्हरे वगळता इतर सर्व पिस्तुलांची विक्री बंद केली, आणि दोन वर्षांनी आर्कान्साने तेच केले. मोठी रिव्हॉल्व्हरे महाग होती आणि माजी सैनिकांपैकी अनेकांकडे ती आधीपासूनच होती. त्यामुळे वंचित राहिले ते गरीब गोरे आणि नुकतेच गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कने १९११ मध्ये सलिव्हन कायदा करून लपविता येईल असे कोणतेही अग्निशस्त्र जवळ ठेवण्यासाठी परवाना सक्तीचा केला. तो द्यावा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले, आणि ही पद्धत पुढे शतकभर टिकली.

दर्जेदार लहान शस्त्र त्या काळी बनत होते, पण ते पोलिसांचा खिसा आणि पोलिसांची गरज डोळ्यांपुढे ठेवून. कोल्टने १९२७ मध्ये दोन इंची नळीचे सहा गोळ्यांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढले, तर स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ आणले. दोन्ही ०.३८ स्पेशल काडतुसाची होती. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. या साधेपणामुळे साध्या वेशातल्या पोलिसांनी अनेक दशके रिव्हॉल्व्हर सोडले नाही.

१९६८ हे वर्ष या इतिहासातला निर्णायक टप्पा ठरले. रॉबर्ट केनेडी यांची हत्या ०.२२ मापाच्या एका स्वस्त रिव्हॉल्व्हरने झाली आणि त्याच वर्षी केंद्रीय बंदूक नियंत्रण कायदा संमत झाला. आयात होणाऱ्या पिस्तुलांसाठी गुणांची पद्धत ठरविण्यात आली. लांबी किमान सहा इंच, उंची किमान चार इंच आणि दोहोंची बेरीज किमान दहा इंच असल्याशिवाय पिस्तुलाला देशात प्रवेश मिळेना. वाल्टर या जर्मन कंपनीचे उत्तम प्रतीचे पीपीके पिस्तूल उंचीत किंचित कमी पडले, म्हणून कंपनीला त्याची नळी आणि वरचा भाग थोरल्या पीपी मॉडेलच्या सांगाड्यावर बसवून पीपीके/एस ही नवी आवृत्ती काढावी लागली. नियमाचा रोख जर्मनीच्या रोम कंपनीसारख्या अगदी स्वस्त मालावर होता, पण बंदी तयार पिस्तुलांवर होती, सुट्या भागांवर नव्हती. रोमचे भाग मायामीत येऊन जोडले जाऊ लागले आणि ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर झाडले गेलेले रिव्हॉल्व्हर याच वाटेने आलेले होते.

देशांतर्गत उत्पादनाला मात्र हे निकष लागू नव्हते. आयात थांबल्याने मोकळी झालेली जागा दक्षिण कॅलिफोर्नियातील कारखान्यांनी भरली. जॉर्ज जेनिंग्ज यांनी १९७० मध्ये रेव्हन आर्म्स सुरू केली आणि तिच्या मागोमाग नातेवाईक व परिचितांच्या जेनिंग्ज, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन अशा कंपन्या उभ्या राहिल्या. लॉस एंजेलिसभोवतीच्या या कारखान्यांना बंदुकीच्या हिंसाचाराचे अभ्यासक डॉ. गॅरन विंटम्यूट यांनी १९९४ च्या अहवालात ‘अग्निकडे’ म्हटले. त्यांची पिस्तुले शंभर डॉलरांच्या आत मिळत, कारण ती पोलादातून कोरलेली नसून जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असत. जस्त कमी तापमानाला वितळते, साच्यात चटकन बसते आणि त्यावर फारसे यंत्रकाम लागत नाही, परंतु ते मऊ असल्यामुळे घासले जाणारे भाग लवकर झिजतात आणि काडतूस अडकू लागते. ब्रायकोच्या एका मॉडेलात चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडण्यासाठी सज्ज असलेली, गोळी काढण्यासाठी सुरक्षेचा खटका उघडावा लागे. तसे करताना सुटलेल्या गोळीने एक मुलगा कायमचा पंगू झाला. ज्यूरीने २००३ मध्ये रचना सदोष ठरविली आणि कंपनी दिवाळखोरीत निघाली. गरिबाने स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेली वस्तू त्याच्याच घरात घात करते, यापेक्षा मोठी फसवणूक कोणती, असे हे प्रकरण वाचताना वाटत राहते.

अमेरिकेत खेळण्यांपासून शेगड्यांपर्यंतच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या कक्षेबाहेर अग्निशस्त्रे १९७२ पासूनच ठेवलेली आहेत. त्यामुळे पिस्तूल नीट चालते की नाही याची सरकारी कसोटी केंद्रीय पातळीवर नव्हती आणि आजही नाही. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये स्वतःपुरता कायदा केला. त्यानुसार प्रत्येक मॉडेलच्या तीन नमुन्यांतून प्रत्येकी सहाशे गोळ्या झाडायच्या, पहिल्या वीस गोळ्यांत एकही अडथळा येता कामा नये, प्रत्येक नमुन्यातले अडथळे सहांपेक्षा जास्त नसावेत आणि उंचावरून पडल्यावर गोळी सुटू नये. विश्वासार्हता म्हणजे काय, हे अशा रीतीने कायद्यात आकड्यांनिशी लिहिले गेले. जस्ताच्या पिस्तुलांची सद्दी ओसरण्यात या अटींचा आणि न्यायालयीन दाव्यांचा मोठा वाटा होता.

दरम्यान ग्राहक बदलत होता. फ्लोरिडाने १९८७ मध्ये ठरविले, की वय, प्रशिक्षण आणि निष्कलंक नोंद या अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल, अधिकाऱ्याची मर्जी चालणार नाही. असे कायदे त्यापूर्वीही काही राज्यांत होते, पण फ्लोरिडानंतर त्यांची लाट आली. आता शिक्षिका, दुकानदार, निवृत्त कर्मचारी अशी उघडपणे, कायद्याने शस्त्र घेणारी माणसे दुकानात येऊ लागली आणि ती तक्रार करू शकत होती, कारखान्याकडे माल परत पाठवू शकत होती. याच काळात ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने प्लॅस्टिकचा सांगाडा टिकाऊ असतो हे सिद्ध केले होते. त्यात १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनला, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीला, दहा गोळ्यांची मर्यादा घातली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर पिस्तूल मोठे कशाला, हा विचार अनेक कारखान्यांनी केला. मर्यादा २००४ मध्ये उठली, लहान पिस्तुले मात्र राहिली.

या वळणावर जॉर्ज केल्ग्रेन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या रचनाकाराचे नाव घेतलेच पाहिजे. फ्लोरिडातील त्यांच्या केल-टेक कंपनीने १९९५ मध्ये प्लॅस्टिकची मूठ असलेले ९ मिलिमीटरचे पी-११ आणि २००३ मध्ये ०.३८० मापाचे अतिशय हलके पी-३एटी काढले. स्वस्तपणा जस्तातून न आणता कमी भाग, साधी जुळणी आणि पोलादाचा मोजका वापर यांतून आणता येतो, हे त्यांनी दाखविले. रुगर या मोठ्या कंपनीने त्याच धर्तीवर २००८ मध्ये पावशेराहून थोडे अधिक वजनाचे एलसीपी बाजारात आणले. पडल्यावर गोळी सुटण्याची शक्यता दिसताच त्याच वर्षी सुरुवातीची पिस्तुले परत मागवून दुरुस्त करण्यात आली. दोष निघाला तर निस्तरणारी कंपनी मागे उभी असणे, हा स्वस्त पिस्तुलाच्या ग्राहकाला नवा अनुभव होता. पुढे स्मिथ अँड वेसनचे शील्ड २०१२ मध्ये आले, आणि २०१८ मध्ये सिग सॉअरने जेमतेम एक इंच जाडीच्या पी३६५ मध्ये दहा गोळ्या बसविल्या, तेव्हा जुन्या मॉडेलांचे भाव आपोआप उतरले.

सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची ‘सबळ कारण’ दाखविण्याची अट रद्द केली आणि न्यू जर्सीनेही तशीच आपली अट सोडली. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या राज्यात हा प्रश्न आता आपल्या लोकांपर्यंतही पोहोचला आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे : एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना १९९८ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद वगळता, पिस्तूल वा काडतूस जवळ ठेवणेही गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.