बारावीनंतर प्रवेशपरीक्षा कोणती? फॉर्म भरण्याआधी एवढं वाचा

"अमुक कॉलेजला कोणती परीक्षा लागते?" असं आमच्या फॉर्म भरण्याच्या केंद्रात काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं. आम्ही उलट विचारतो, कोर्स कोणता? परीक्षा ठरते ती कोर्सवरून. कॉलेजचं नाव नंतर.

इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी या राज्याच्या परीक्षेचा पीसीएम ग्रुप (भौतिक, रसायन, गणित). बी.फार्म.ला पीसीएम किंवा पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), कोणताही चालतो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसला नीट. अभिमत विद्यापीठातल्या एमबीबीएसलाही नीटच, तिथे पळवाट नाही. नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. आर्किटेक्चरला नाटा किंवा जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचा आर्किटेक्चरचा पेपर लागतो. एमएचटी-सीईटीत कितीही पर्सेंटाइल आले तरी बी.आर्क.ला त्यांचा उपयोग नाही, आणि हे निकालानंतर कळणारे पालक दरवर्षी असतात.

इंजिनिअरिंगच्या एकाच कॉलेजात दोन परीक्षाही चालतात. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये राज्याच्या जागा सीईटीवर भरतात, अखिल भारतीय जागा जेईई मेनवर. नागपूरच्या व्हीएनआयटीत मात्र सीईटी चालतच नाही, तिथे फक्त जेईई मेन.

लॉचं गणित जरा फसवं आहे. पुण्याच्या आयएलएसला किंवा मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाला राज्याची लॉ सीईटी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांना क्लॅट. गेली काही वर्षं क्लॅट डिसेंबरात होते, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेआधी, आणि फॉर्मची मुदत दिवाळीच्या आसपासच संपते. "बारावी झाली की बघू" म्हणणाऱ्यांचं ते वर्ष गेलं.

बीबीए, बीसीए, बीएमएसलाही 2024 पासून सीईटी आली. त्यावर काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदललं आणि सीईटीशिवाय प्रवेश दिले. त्यामुळे पदवीवर नेमकं काय छापून येणार, हे फी भरण्याआधी विचारा. आमच्या मते हा प्रश्न लेखी विचारलेला बरा.

खात्री कुठे करायची? राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची माहिती पुस्तिका असते. तिच्यात 'पात्रता' हे पान आधी वाचा. नुसती सीईटी पुरत नाही: इंजिनिअरिंगला बारावीच्या ठरावीक विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ बहुतेक वेळा गेल्या वर्षीची निघते, तिच्यावरचं साल बघा. खासगी आणि अभिमत विद्यापीठांची स्वतःची परीक्षा असू शकते. ती त्यांच्याच संकेतस्थळावर शोधावी लागेल.

कोणती परीक्षा द्यायची हे विचारायला आमच्याकडे पैसे पडत नाहीत. फॉर्म भरायला याल तेव्हा दहावीची गुणपत्रिका, आधार आणि फोटो आणा. मोबाइल नंबर आणि ई-मेल घरचाच द्या, आमचा नको. पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येतात, आणि कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) सुरू असताना रात्री दहाला आमचं शटर बंद असतं.