खानदेशातील जाहिरात : विनोद आणि वाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या बाजारपेठांत माल खपवण्यासाठी वापरली जाणारी थट्टा, कोटी व नक्कल, आणि त्यातून उठणारे वाद. हा विनोद मुख्यतः बोलीचा आहे. पाटीवरच्या अक्षरांपेक्षा तो कानाने जास्त पोहोचतो, म्हणून आठवडे बाजारातला विक्रेता आणि भोंगा लावून फिरणारी रिक्षा ही त्याची खरी ठिकाणे. अलीकडे मोबाइलवरच्या छोट्या अहिराणी चित्रफितींनीही तेच काम हाती घेतले आहे.

२०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या शीर्षाखाली १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा नोंदली गेली; त्यात मोठा वाटा अहिराणीचा. पूर्व भागात लेवा गणबोली आहे. या बोलींत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : जळगावचे जयगाव, धुळ्याचे धुये, केळीची केयी. भोंग्यातून ‘जयगाव’ ऐकू आले की बोलणारा आपल्यातला, हे गिऱ्हाइकाला तिथेच कळते. विनोदाचे निम्मे काम त्या ओळखीनेच होते. लग्नाच्या गाण्यांत विहिणीची रेवडी उडवायची मुभा इथे पूर्वापार आहे, त्यामुळे समोरच्याला लाडाने टोचणे कोणाला नवे वाटत नाही.

साडीच्या दुकानाची रिक्षा गल्लीत शिरते तेव्हाची ओळ साधारण अशी असते : “दादा, घरमा बाई चिडेल शे का? मंग साडी लेवाले या!” ऐकणारा हसतो, ओट्यावर बसलेली बाईही हसते. पण हीच ओळ दिवसभर वाजली की चिडकी बायको आणि खिसा रिकामा करणारा नवरा एवढीच दोन माणसे जगात उरतात. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. असल्या साध्या टोमण्यापर्यंत तो पोहोचत नाही. इथे निवाडा गल्लीच करते, आणि तो बहुधा रास्त असतो.

याहून खोल वाद बोलीचाच आहे. जाहिरातीत मालक प्रमाण मराठी बोलतो आणि गडी अहिराणी, अशी मांडणी झाली की हसू कोणावर आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. अहिराणी बोलणारा स्वतः कोटी करतो तो विनोद. त्याच्या बोलण्याच्या ढबीलाच हसे करणे हा अपमान आहे. या दोन्हींना ‘गावरान तडका’ म्हणून एका पंगतीत बसवणे चुकीचे. शाळेत ज्या मुलाला ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटल्याबद्दल हसतात, त्याला असली जाहिरात पुन्हा तेच ऐकवते.

गिऱ्हाईकही उलट थट्टा करते. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तेलाचा कारखाना काढणारी कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो. त्या काळी देशभर वनस्पती तुपावरून मोठा वाद चालू होता : घट्ट केलेल्या तेलाला तूप म्हणून विकावे का? ते शुद्ध तुपात मिसळता येऊ नये म्हणून त्याला रंग द्यावा, अशी मागणी होती. गांधीजींनीही वनस्पती तुपाला विरोध केला होता. १९३७ पासून बाजारात असलेल्या ‘डालडा’चे नाव मग मराठीत नकली गोष्टीसाठी रूढ झाले. विकणाऱ्याचेच नाव घेऊन त्याच्या मालावर केलेली अशी कोटी कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त टिकते.

बाजारातला सर्वांत हजरजबाबी माणूस म्हणजे जडीबुटीवाला. चादर अंथरतो, मुळ्या मांडतो, गर्दीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला ‘नवरदेव’ म्हणून पुढे बोलावतो. लोक हसत असतानाच मधुमेह मुळासकट बरा करण्याचे वचन येते, आणि तिथे थट्टा संपून फसवणूक सुरू होते. असे दावे करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचारांविषयीच्या कायद्याने मनाई आहे.

बाकी नियम देशभराचे आहेत. जाहिरात मानक परिषद (१९८५) ही व्यवसायाने स्वतः उभारलेली संस्था. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. भिंती रंगवण्यावर महाराष्ट्रात १९९५ चा विद्रूपीकरणविरोधी कायदा आहे.

भरीताच्या पाट्यांचे प्रकरण वेगळे. जळगावच्या भरीताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिखटाने घाम फुटेल, अशी बढाई मारणारी पाटी कोणीही लावावी. वांगे मात्र जळगावचे म्हणून सांगितले असेल तर ते जळगावचेच हवे. मोठी, पांढरट-हिरवी, कमी बियांची ही वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात, आणि ती ओळखणारे गिऱ्हाईक पहिल्या घासालाच मालकाला बोलावून घेते.