स्वमग्न प्रौढ, चेहऱ्यावरचे भाव आणि मेंदू

समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आनंद, भीती, राग किंवा दुःख ओळखताना स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांच्या मेंदूत काय घडते, हा चेताविज्ञानातला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सतत अभ्यासला गेलेला प्रश्न आहे. त्याचे जुने उत्तर होते, ‘त्यांना भाव दिसतच नाहीत.’ ते आता टिकत नाही. पुष्कळदा भाव मेंदूपर्यंत पोचलेला असतो. फरक पडतो तो नजर कुठे जाते, आलेला संकेत पुढे कसा वापरला जातो आणि त्याला नाव देता येते की नाही, या टप्प्यांवर.

आधी शब्दाबद्दल. ‘स्वमग्नता’ म्हटले की आपल्याच विश्वात बुडालेले, बाहेरच्या जगाशी देणेघेणे नसलेले माणूस डोळ्यांसमोर येते. ऑटिझमला मराठीत हाच शब्द रुळल्यामुळे तो इथे वापरला आहे, पण त्यातून उभे राहणारे चित्र खालील संशोधनाशी जुळत नाही. दिसत नाही आणि पर्वाही नाही, असा दुहेरी आरोप हा शब्द नकळत करतो, आणि तो अन्यायकारक आहे.

चेहरा दिसला की साधारण 170 मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या बाजूला, विशेषतः उजवीकडे, विद्युतसंकेताची एक ठळक लाट नोंदवता येते. तिला एन170 म्हणतात. घर किंवा खुर्ची पाहताना ती इतकी मोठी नसते. 2004 पासूनच्या अनेक अभ्यासांत स्वमग्न व्यक्तींमध्ये ही लाट थोडी उशिरा येताना आढळली. हा उशीर अवघ्या काही मिलिसेकंदांचा असतो. एका व्यक्तीकडे पाहून त्यावरून निदान करता येत नाही, तो गटांच्या सरासरीत दिसतो. तरीही हा संकेत इतका भरवशाचा वाटला की 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) ऑटिझमच्या संशोधनातील जैवसूचक (शरीरातली मोजता येणारी खूण) म्हणून त्याला आपल्या पात्रता कार्यक्रमात प्रवेश दिला.

एफएमआरआयची, म्हणजे मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे हे रक्तप्रवाहावरून दाखवणाऱ्या तपासणीची, गोष्ट अधिक वळणाची आहे. मेंदूच्या तळाशी असलेला फ्युजिफॉर्म हा भाग चेहरे पाहताना विशेष सक्रिय होतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न व्यक्तींमध्ये त्याची सक्रियता कमी आढळली आणि ‘चेहऱ्याचे केंद्रच बिघडलेले आहे’ अशी समजूत पसरली. पण यंत्रात झोपलेला माणूस चित्रात नेमके कुठे पाहत होता, हे कोणी तपासले होते? 2004 मध्ये नूशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी चित्रावर नजर रोखण्यासाठी एक खूण ठेवली, तेव्हा स्वमग्न प्रौढांचाही फ्युजिफॉर्म सक्रिय झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला दिसले की नजर डोळ्यांवर जितका वेळ टिकते, तितकी या भागाची आणि अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची, सक्रियता वाढते. 2017 मध्ये हाजीखानींनी नजर मुद्दाम डोळ्यांच्या भागावरच रोखायला लावली. या वेळी अमिग्डालासह मेंदूच्या खोलवरच्या भागांत प्रमाणापेक्षा जास्त सक्रियता दिसली, आणि भेदरलेल्या चेहऱ्यांना ती सर्वाधिक होती. ‘डोळ्यांत बघून बोल’ असे लहानपणापासून ऐकत आलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी हेच कधीपासून सांगितले आहे: डोळ्यांत पाहणे सोसवत नाही. नजर चुकवणे म्हणजे बेफिकिरी नव्हे. ती स्वतःला सावरण्याची धडपड असू शकते.

प्रयोगात भाव कसा तपासतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. एकाच व्यक्तीचा हसरा आणि घाबरलेला फोटो संगणकावर थोडा थोडा मिसळून मधल्या पायऱ्या तयार करतात. एका टोकाला निखळ हसू, दुसऱ्या टोकाला निखळ भीती, आणि मध्ये असा चेहरा की ओठ किंचित उघडलेले, डोळे मोठे, नेमके काय ते कळू नये. चित्र क्षणभर दिसते आणि बटण दाबायचे असते, आनंद की भीती. 2017 मध्ये वँग आणि अडॉल्फ्स या संशोधकांनी ही चाचणी स्वमग्न प्रौढांवर केली, तेव्हा आनंदाकडून भीतीकडे त्यांचे उत्तर इतरांपेक्षा कमी ठामपणे वळले. दोन भावांमधली सीमारेषा त्यांच्यासाठी जरा पसरट होती. याच माहितीवर संशोधक कोहितिज कार यांनी 2022 मध्ये दृष्टीचे कृत्रिम न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर थराथरांनी चित्र ओळखणारी संगणकीय प्रणाली, चालवून पाहिले. नेटवर्कची उत्तरे इतर प्रौढांशी अधिक जुळली, स्वमग्न प्रौढांशी कमी. ही तफावत सर्वांत ठळक दिसली ती इन्फिरिअर टेम्पोरल कॉर्टेक्सशी (वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या मेंदूच्या भागाशी) मिळत्याजुळत्या थरात. त्यामुळे अमिग्डालाच्या आधी येणाऱ्या दृष्टिमार्गाकडे लक्ष गेले.

2022 मध्येच प्रसिद्ध झालेला एक ईईजी (डोक्यावरून मेंदूचे विद्युतसंकेत नोंदवण्याचा) अभ्यास या विषयाला कलाटणी देणारा ठरावा. स्वमग्न किशोर आणि तरुणांनी भाव ओळखताना इतरांपेक्षा जास्त चुका केल्या. मात्र त्यांचेच मेंदूसंकेत संगणकीय प्रणालीला दिल्यावर तिने त्यातून समोरचा भाव अचूक हुडकला. म्हणजे तोंडून चुकीचे उत्तर गेले तरी बरोबर भावाची नोंद मेंदूत झालेली होती.

या चुका सर्वांत सारख्या नसतात. आनंद बहुधा ओळखला जातो, भीतीत जास्त अडते. शिवाय सुमारे निम्म्या स्वमग्न प्रौढांत अ‍ॅलेक्सिथायमिया, म्हणजे स्वतःच्याच भावनांना नाव देण्यात अडचण, आढळते. 2013 च्या एका अभ्यासात चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यातली अडचण ऑटिझमपेक्षा हिच्याशी अधिक निगडित दिसली. दोन्ही गोष्टी वेगळ्या न मोजता काढलेल्या जुन्या निष्कर्षांकडे म्हणूनच सावधपणे पाहायला हवे.

उलट दिशाही आहे. इतरांनाही स्वमग्न माणसाचा चेहरा नीट वाचता येत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने 2012 मध्ये या दुतर्फा अडचणीला ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ म्हटले. बटणे दाबायला लावणाऱ्या चाचण्यांत मात्र चेहरा वाचायचे काम नेहमी एकाच बाजूकडे दिलेले असते.