पटकीत मीठ-साखरेचे पाणी का तारते?

लहान आतड्याच्या पोकळीतील अन्नरस आणि जीवाणू यांना रक्तापासून वेगळे ठेवणारा पेशींचा थर केवळ एकपदरी असतो. शेजारशेजारच्या पेशी वरच्या टोकाजवळ क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी एकमेकींशी घट्ट सांधलेल्या असतात. हे सांधे सर्वस्वी बंद मात्र नसतात. क्लॉडिन-२ सोडियम आणि पाण्यापुरती सूक्ष्म वाट मोकळी ठेवते. तीन ते पाच दिवसांत जवळजवळ सगळा थर नवा होतो, आणि जीर्ण पेशी गळून पडत असतानाच शेजारच्या पेशी तिच्याखाली सरकून जागा भरून काढतात, त्यामुळे एरवी भगदाड पडत नाही.

या पेशींच्या रक्ताकडील बाजूला असलेला पंप दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम सतत कमी राहते व पोकळीतले सोडियम आत येऊ पाहते. त्याला आत घेणारे एसजीएलटी-१ हे वाहक प्रथिन सोडियमच्या दोन आयनांबरोबर ग्लुकोजचा एक रेणूही आत आणते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. सोडियम आणि ग्लुकोज यांची ही सांगड जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जीवाणूंचे विष पेशींना मारत नाही. ते त्यांच्यातील सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवते, क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात आणि क्लोराइडपाठोपाठ सोडियम व पाणी पोकळीत वाहू लागते. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. अस्तर मात्र शाबूत असते आणि एसजीएलटी-१ चे काम चालूच राहते. जलसंजीवनीचा, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याचा, सारा आधार हाच आहे, आणि शरीरक्रियाशास्त्राने माणसाला दिलेल्या देणग्यांत मी तिला फार वरचे स्थान देतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पाजण्यास सुरुवात केली. तेथील सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखाली ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले.

मात्र साखर जास्त घातली म्हणून गुण जास्त येत नाही. न शोषलेली साखर पाणी पोकळीतच धरून ठेवते व जुलाब वाढतात. म्हणूनच २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात दर लिटरला ग्लुकोज आणि सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) असते, आणि एका लिटरसाठी असलेली पुडी पेलाभर पाण्यात कालवणे धोक्याचे ठरते.