विद्युत निरोधन (तारांचे)

तारेतील वीजप्रवाह ठरल्या वाटेनेच जावा, शेजारच्या तारेत, यंत्राच्या सांगाड्यात किंवा माणसाच्या अंगात शिरू नये, म्हणून तारेवर वीज वाहून न नेणाऱ्या पदार्थाचे आवरण चढवतात. यालाच निरोधन म्हणतात.

तांब्यात प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. तारेच्या दोन टोकांना विद्युत दाबाचा (व्होल्टेजचा) फरक मिळाला, की हे इलेक्ट्रॉन सरकू लागतात, तोच प्रवाह. सरकणे मात्र फार संथ, घरगुती तारेत सेकंदाला एक मिलिमीटरही नाही. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण दाबाचा परिणाम तारेभर प्रकाशाशी तुलना करावी अशा वेगाने पोचतो आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच हलतात. आपल्या घरच्या 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यात तर ते सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे होत जागच्या जागी झुलत राहतात. रबर, पीव्हीसी (एक प्लास्टिक), चिनीमाती यांतले इलेक्ट्रॉन मोकळे नसतात, म्हणून प्रवाह अडतो.

हा भेद 1729 साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांच्या हाती लागला. वीज वाहून नेणारी सुतळी त्यांनी रेशमी धाग्यांवर टांगली होती. धागा तुटला म्हणून त्याजागी पितळी तार लावली, आणि वीज तारेवाटे निघून गेली. तार बारीकच होती; म्हणजे जाडीचा प्रश्न नव्हता, पदार्थाचा होता.

शाळेत नळातल्या पाण्याची उपमा देतात. ती इथे फसवते. नळ फुटला की पाणी सांडते, पण तार सोलली म्हणून वीज सांडत नाही; तिला परत फिरायला वाट लागते. उघड्या तारेवरच्या कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्यामुळे त्याला काही होत नाही. जमिनीवर उभ्या माणसाने 230 व्होल्टच्या फेजला (दाब असलेल्या तारेला) हात लावला, तर रोहित्रापाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जमिनीला जोडलेली असल्याने त्याच्या अंगातून मंडल (प्रवाहाची पूर्ण वाट) पूर्ण होते.

खांबांवरच्या 11,000 व्होल्टच्या तारा बहुधा उघड्याच असतात. तिथे निरोधनाचे काम हवा करते आणि तार खांबाला टेकते तिथे चिनीमातीचे इन्सुलेटर. त्यांच्या घड्यांखालचा भाग पावसातही बराच कोरडा राहतो.

तांबे किती जाड हवे ते प्रवाहावर ठरते, आवरण किती हवे ते मुख्यतः दाबावर. पण दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत: बारीक तारेवर जास्त भार टाकला की तांबे तापते, आणि नेहमीचे पीव्हीसी सुमारे 70 अंश सेल्सियसपर्यंतच टिकाव धरते. जुनी तार वाकवताना आवरण कडकड तडकते ते बहुतेकदा अशा उष्णतेमुळेच.

पंख्याच्या वाइंडिंगची (मोटरमधल्या वेटोळ्यांची) तार उघडे तांबे वाटते, पण तिच्यावर एनॅमलचा, म्हणजे निरोधक वार्निशचा, पातळ थर असतो. जोड देताना तो खरवडावाच लागतो. विहिरीतल्या, पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटरला एनॅमल पुरत नाही, म्हणून तिच्या वाइंडिंगच्या तारेला प्लास्टिकचे जाड आवरण देतात.