नवी मुंबईची बससेवा आणि जुन्या गाड्यांचे जतन

नवी मुंबई मुंबईला आधी बसने जोडली गेली, रेल्वे मागाहून आली. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला. मानखुर्दहून लोकल वाशीला पोहोचली ती १९९२ मध्ये. मधली जवळपास वीस वर्षे सिडकोच्या, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, वसाहतींत राहायला आलेल्या चाकरमान्यांची सगळी भिस्त बसवर होती. सिडकोच्या पुढाकाराने बीएमटीसी (बॉम्बे मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन) ही बससेवा चालत असे. ती १९८४ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षे भिजत पडला. शहर वसवण्याच्या कहाणीत या कामगारांना मानाचे पान मिळायला हवे.

महापालिकेची परिवहन सेवा, म्हणजे एनएमएमटी, २३ जानेवारी १९९६ रोजी सुरू झाली. तुर्भे, आसूडगाव आणि घणसोली ही तिची आगारे. २०१६ मध्ये तिने व्होल्वोच्या पाच हायब्रिड बस आणल्या. व्होल्वोच्या अशा गाड्या देशात प्रथम इथेच धावल्या. थांब्यावरून निघताना गाडी विजेच्या मोटरवर सुटे, वेग घेतल्यावर डिझेल इंजिन साथीला येई.

जुनी बस जपणे मोटार जपण्याइतके सोपे नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ नोंदणी देणारे २०२१ चे केंद्रीय नियम दुचाकी आणि खासगी मोटारींपुरतेच आहेत. बस त्यांत बसत नाही. शिवाय सरकारी आणि परिवहन उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते. म्हणजे गाडी राखायची तर ती उभीच ठेवावी लागणार, आणि आगारात जागेची नेहमीच ओढ.

त्यामुळे जतनाचा भार छोट्या वस्तूंवर येतो: दरानुसार रंग बदलणारी कागदी तिकिटे, ती खोचलेला पत्र्याचा ट्रे, दांडीवर टकटक वाजणारा कंडक्टरचा पंच. खाडीपलीकडे बेस्टने आणिक आगारात अशा वस्तूंचे संग्रहालय केले आहे. एसटीप्रेमींनी २०१९ मध्ये ‘वारी लालपरीची’ या उपक्रमात एका बसमध्येच प्रदर्शन मांडून ते राज्यभर फिरवले. एनएमएमटीने निदान एक हायब्रिड बस तुर्भे आगारात राखावी. २०१६ च्या गाड्यांची पंधरा वर्षे २०३१ मध्ये भरतात. निर्णय त्याआधी व्हायला हवा.