अस्वलापाशी थांबू नका : 'टचिंग स्पिरिट बेअर' शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

शाळेची पुस्तकयादी हातात पडली की आठवडाभर आम्हाला दोनच प्रकारचे फोन येतात. पहिला : 'सातवीतल्या मुलीला हे कसलं पुस्तक लावलंय? हिरो चक्क गुंड आहे.' दुसरा : 'कोलचं कॅरॅक्टर स्केच तेवढं लिहून द्या, परवा सबमिशन आहे.' दोघांना तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हा कागद. वर्गात नाव घालण्याआधी वाचावा, ही विनंती.

गोष्ट थोडक्यात. बेन मायकेलसनची ही कादंबरी २००१ची. मिनिआपोलिसमधला १५ वर्षांचा कोल मॅथ्यूज एक दुकान फोडतो आणि शाळेत त्याच्या फुशारक्या मारतो. पीटर ड्रिस्कल नावाचा मुलगा पोलिसांना सांगतो. कोल त्याचं डोकं फुटपाथवर असं आपटतो, की पीटरचं बोलणं आणि चालणं कायमचं अडखळतं. तुरुंगाऐवजी कोलला अलास्कातल्या एका निर्जन बेटावर वर्षभर एकट्याने राहायला पाठवतात. तिथे पांढरं अस्वल, म्हणजे पुस्तकाच्या नावातलं 'स्पिरिट बेअर', त्याला फाडतं आणि तो मरता मरता वाचतो.

नेमकं इथे मुलं पुस्तक मिटतात. उरलेलं दहा मिनिटांच्या व्हिडिओत बघतात आणि आमच्याकडे तीन वाक्यं घेऊन येतात : 'कोलचे वडील मारायचे म्हणून तो रागीट होता. अस्वलाने त्याला धडा शिकवला. मग तो सुधारला.' ही वाक्यं आता आम्हाला झोपेतही म्हणता येतील. आठ तासांच्या वर्गातले दोन तास ती पुसण्यात जातात, आणि ते तुमच्याच फीमधले असतात.

वडील मारायचे हे खरंच आहे. दारू पिऊन मारायचे, आणि आई बघूनही गप्प राहायची. पण मराठीत कारण आणि सबब हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. मार खाल्ला हे कोलच्या रागाचं कारण. पीटरवर हात टाकला त्याची ती सबब होऊ शकत नाही. बेटावर उतरल्या उतरल्या तो एडविनने, म्हणजे त्याच्या देखरेखीला नेमलेल्या तिथल्या म्हाताऱ्याने, बांधून दिलेली खोपी आणि सगळा शिधा पेटवून देतो. तिथे त्याला मारणारं कोणीही नसतं. या पानावर आम्ही मुलांना थांबवतो आणि विचारतो, 'मग त्याने हे कुणावर काढलं?' बहुतेक मुलं जरा वेळ गप्प होतात. ती शांतता आम्हाला तयार उत्तरापेक्षा जास्त आवडते.

दुसरी फसगत माफीची. शिक्षा ठरवण्यासाठी 'सर्कल' भरतं. सगळे गोल बसतात आणि पक्ष्याचं पीस ज्याच्या हातात तोच बोलतो. कोलही शहाण्यासारखं बोलतो, पण मनात हिशेब तुरुंग टाळण्याचा असतो. भोळी मुलं ते खरं धरून 'त्याला पश्चात्ताप झाला' असं लिहितात. आम्ही तो उतारा दोनदा मोठ्याने वाचून घेतो : एकदा कोल बोलतो तसा, एकदा पीटरला ऐकू येतो तसा.

'असं खरंच कुठे असतं का हो?' असतं. कॅनडाच्या युकॉनमध्ये १९९२ साली एका न्यायाधीशाने गावकऱ्यांबरोबर गोल बसून शिक्षा ठरवली. अलास्कातल्या केक या त्लिंगिट (तिथले मूळनिवासी) लोकांच्या गावात १९९९पासून अशी सर्कल भरत आली आहेत. आणि १९९४मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायाधीशाने पिझ्झा पोचवणाऱ्याला मारहाण करून लुटणाऱ्या दोन त्लिंगिट मुलांना खरोखरच अलास्कातल्या बेटांवर जाऊ दिलं. पुढे तो प्रयोग थांबवून त्यांना तुरुंगातच धाडावं लागलं. कादंबरीचा शेवट त्या मानाने गोड आहे, हे आम्ही मुलांपासून लपवत नाही.

आपल्याकडे अशा मुलाला कायद्याच्या भाषेत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. २०१५च्या कायद्याप्रमाणे १६ वर्षांखालच्याचा खटला प्रौढ म्हणून चालवता येत नाही. म्हणजे कोल बाल न्याय मंडळापुढेच उभा राहिला असता. २०२४च्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध पुण्यातले पालक हमखास काढतात. काढा, पण सर्कलमध्ये समोर पीटर बसलेला असतो, तो फरक मुलांना सांगा.

आता उत्तरार्धाबद्दल, जो कोणी वाचत नाही. दवाखान्यातून बरा झाल्यावर कोल पुन्हा त्याच बेटावर येतो. या वेळी खोपी त्याची त्यानेच बांधायची असते. रोज पहाटे बर्फगार तळ्यात बसायचं, जड धोंडा डोंगरावर चढवायचा आणि वरून सोडून द्यायचा. एडविन त्याला एक काठी देतो. डावं टोक म्हणजे राग, ते मोडून टाक म्हणतो. कोल मोडतो, तर काठीला पुन्हा डावं टोक आहेच! राग पुरता जात नाही, हे पुस्तकाचं म्हणणं त्या काठीत आहे, अस्वलात नाही. शेवटी पीटर स्वतः बेटावर येतो. तो कोलला मारतो आणि कोल हात उचलत नाही. कोल बदलला की नाही, हे ठरवण्याचा हक्क पीटरचा. म्हणून आमच्या वर्गात कोलचं स्केच नंतर, आधी पीटरचं पत्र. तयार नोट्स आम्ही देत नाही. 'शेजारच्या क्लासमध्ये देतात' हे आम्हाला माहीत आहे, पण त्या नोट्सवर लिहिलेले निबंध दुरुस्तीला इकडेच येतात.

एक सूचना. त्या आघातानंतर पीटर स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न करतो, हे पुस्तकात आहे. म्हणून १२ वर्षांखालच्या मुलांना आम्ही ही कादंबरी शिकवत नाही. मूल सध्या अशा कसल्या त्रासातून जात असेल तर आधी आमच्याशी बोला.

आणि ते पांढरं अस्वल ध्रुवीय नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या काळ्या अस्वलांमध्ये काही अशी पांढरी निपजतात. दर बॅचला निदान तिघे 'पोलर बेअर' लिहितात.

वर्ग शनिवारी, एका बॅचला दहा मुलं. परदेशातल्या नातवंडांसाठी रविवारी सकाळी ऑनलाइन बॅच असते, आजी-आजोबा सोबत बसले तरी चालतात. पुस्तक नसेल तर आमच्याकडच्या प्रती अनामत ठेवून मिळतात. येताना मुलाची प्रत आणा. उत्तरार्धाच्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या तर पहिल्या तासाची फी आम्ही घेत नाही.